चिखलाने न घेतलेली चप्पल

सिमांग लग्न होऊन पांतालानला आली तेव्हा सगळ्या गावाला वाटलं, पोरगी मुकी आहे. आता आठवलं की हसून हसून पोट दुखतं, पण तेव्हा आमची अगदी खात्री झाली होती. महिनाभर तिच्या तोंडून शब्द नाही. काही विचारलं तर नुसती बघत राहायची. सासूने इलोइलो शहरातल्या चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली, की बाबा, सुनेला वाचा दे. सगळ्यांत जास्त हळहळली शेजारची गारिंग. तिने तर हातवारे करून सिमांगला बोलायला शिकवायचं मनावर घेतलं. दोन्ही तळवे जोडून हलवायची आणि म्हणायची, मासा, मासा. एक दिवस सिमांगने तो मासा शांतपणे बघून घेतला आणि म्हणाली, "हा मासा आहे की पोट बिघडलेलं बदक?"

मुकी कसली. महिनाभर माल गोळा करत होती. कोण फेंगडं चालतं, कोणाचा भात नेहमी करपतो, कोणाचा नवरा कोणाच्या कुंपणाशी रेंगाळतो, सगळं आत भरून घेतलं होतं. मग जी सुरू झाली ती आजपर्यंत थांबलेली नाही. सासूने नंतर आणखी एक मेणबत्ती लावली म्हणतात. ती कशासाठी, ते विचारायची गरज नाही.

आता नवरा नाही, मुलगी दुबईला, आणि सिमांग गावातल्या बायकांच्या रांगेत सगळ्यांत पुढे. ही रांग म्हणजे तिचं राज्य.

ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी नजर पोचेल तिथवर चिखल उघडा पडतो आणि बायका तिसऱ्या काढायला टोपल्या घेऊन उतरतात. एकीमागे एक जायचं, पुढचीच्या पावलात पाऊल ठेवायचं, कारण हा चिखल सगळीकडे सारखा नाही. कुठे घोट्यापर्यंत, तर कुठे कंबर गिळेल. अनवाणी गेलं तर कालवांच्या कपऱ्या तळवे फाडतात, आणि चप्पल घातली तर चिखल ती कधी चोखून घेईल सांगता येत नाही. घेतली तर मागे शोधायची नाही. उरलेली एक चप्पल घरी आणायची, जिन्याच्या खांबाला टांगायची आणि दुसऱ्या दिवसापासून रांगेच्या शेपटाला जायचं. आपल्यानंतर कोणाची तरी जाईपर्यंत तिथेच. मग हळूहळू वर सरकायचं.

गावातल्या प्रत्येक खांबाला अशी एकटी चप्पल लोंबतेय. सिमांगचा खांब मात्र मोकळा. चिखलाने तिची चप्पल कधी घेतलीच नाही, आणि हे ती कोणाला विसरू देत नाही.

पुढे असण्यात तिसऱ्यांची चांगली जागा पहिल्यांदा मिळते, पण तिसऱ्यांचं सोडा. खरी मजा मागे वळून बोलण्यात. "गारिंग, पाय टाकतेस की रेडा बसवतेस?" गारिंग दुसऱ्या नंबरला. वर्षानुवर्षं सिमांगच्या टाचांकडे बघत चालली आहे आणि मनात एकच प्रार्थना, की आज जाऊ दे. आजच्या दिवस एक चप्पल जाऊ दे.

तर अशात कप्तानाने कार्यक्रम काढला. गावचा कप्तान, म्हणजे आमचा सरपंचच, हाती माईक आला की सोडायचा नाही असा माणूस. विद्यापीठातली माणसं वर्षभर येऊन खाडीचं पाणी बाटल्यांत भरून नेत होती. त्यांना काय सापडलं ते ती गावाला सांगणार, शहरातले कलाकार आपली कला दाखवणार, शाळेची पोरं नाचणार, मग जेवण. कापडी फलकावर 'आपली खाडी, आपली माय' असं लिहिलं होतं आणि मायपेक्षा कप्तानाचा चेहरा मोठा होता.

"माय म्हणे," सिमांग म्हणाली. "मायला कोणी बाटलीत भरतं का?"

"मनांग, ताई, तुम्हाला खांद्यावरून पट्टा घालायचाय," कप्तान म्हणाला. "'खाडीची वाटाडी' असा. चिखलाने जिची चप्पल कधी घेतली नाही तिचा मान."

"पट्टा कसला घालतोस? मी काय सौंदर्यस्पर्धेत उभी आहे?" असं म्हणून तिने तोंड वाकडं केलं, घरी गेली आणि केस काळे केले. कानाच्या पाळीवर रंगाचा ठिपका राहिला होता. सगळ्यांनी पाहिला. सांगायची हिंमत कोणाला?

कार्यक्रम बास्केटबॉलच्या मैदानात, पत्र्याखाली. सिमांग पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर. शेजारी गारिंग, आणि तिच्यापलीकडे गारिंगचा नवरा पुलोंग, कोंबडे झुंजवणारा, मनाने मऊ माणूस.

विद्यापीठाच्या डॉक्टरबाई पडद्यावर रंगीत गोल दाखवू लागल्या. गोलाचा हा तुकडा गाळ, हा तुकडा प्लास्टिक.

"केक कापतेय," सिमांग म्हणाली. "वाढणार कधी?"

मग एका कवीने डोळे मिटून खाडीवर कविता म्हटली. "हे बरंय," सिमांग म्हणाली, "याचे डोळे मिटलेत तोवर आपल्याला उठून जाता येईल." पोरांनी काढलेली चित्रं फिरवली, त्यात पाणी निळंशार. "एवढं निळं पाणी मी फक्त संडासाच्या जाहिरातीत बघितलंय. आपलं पाणी चहासारखं, तेही दूध कमी पडलेल्या."

"गप्प बस ना जरा," गारिंग म्हणाली.

"बसते. मुकीच आहे मी. तूच शिकवलंस ना बोलायला?"

शेवटी लिरियो आला. केसांची शेंडी बांधलेला शहरातला पोरगा, पायजम्याचा एक पाय वर दुमडलेला, एक खाली. महिनोन्महिने खाडीच्या तोंडाशी हिंडून त्याने वस्तू वेचल्या होत्या. त्याने चादर ओढली आणि बास्केटबॉलच्या कडीला टांगलेला भलामोठा मासा दिसला. नुसत्या चपलांचा. शेकड्यांनी चपला, तारेत ओवलेल्या.

"प्रत्येक चप्पल म्हणजे खाडीने माणसाला लिहिलेलं पत्र आहे," लिरियो म्हणाला.

"मग ती पत्रं वाचताना नाक कशाला दाबतात सगळे," सिमांग म्हणाली, आणि मान वर करून माशाच्या तोंडाकडे बघितलं.

माशाचा डोळा पिवळा होता. पिवळी चप्पल, वर सूर्यफूल, आणि तुटलेला पट्टा गळाच्या हिरव्या दोरीने गाठ मारून शिवलेला. अशी उलटी गाठ सगळ्या पांतालानमध्ये एकच बाई मारते. ती सिमांग.

ही चप्पल मुलीने दुबईहून पाठवली होती. सिमांग ती चिखलात कधी घालायची नाही, घरात मिरवायची. दोन वर्षांपूर्वी अंगणात जवळा वाळत घातला होता आणि त्यावर गारिंगचा कोंबडा चढला. जनरल नाव त्याचं. पुलोंगने त्याला बायकोपेक्षा बरं खाऊ घातलेलं. सिमांगने पायातली चप्पल काढली आणि भिरकावली. जनरलचा डोळा गेला, चप्पल उडून ओढ्यात पडली, आणि ओहोटीचं पाणी तिला घेऊन गेलं. गारिंगने गावभर आरडाओरडा केला. सिमांग म्हणाली, पोरं उनाड झाली आहेत हल्ली. जनरल पुन्हा झुंजला नाही. सणाला त्याचा पपई घालून रस्सा झाला, आणि सिमांगने दोन वाट्या पिऊन वर सांगितलं, मांस निबर आहे. जोडीतली दुसरी चप्पल तेव्हापासून ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी होती.

आता तुम्हीच बघा. चप्पल आपली म्हणावं तर चिखलाने घेतली असं ठरणार, मग मानाचा पट्टाही गेला, रांगेतली जागाही गेली. आपली नाही म्हणावं तर ती गाठ सगळ्यांसमोर लोंबतेय.

कप्तान पट्टा हातात घेऊन पुढे आला. तेवढ्यात गारिंग उठली. तिने कप्तानाच्या हातून माईक काढून घेतला. रोज संध्याकाळी कराओकेवर गाणी म्हणून तिला माईकची सवय आहे.

"लिरियो बाळा," ती गोड आवाजात म्हणाली, "तो डोळा कुठे सापडला रे तुला?"

"खाडीच्या तोंडाशी. चिखलात रुतला होता."

"चिखलात," गारिंग म्हणाली आणि बायकांकडे वळली. "गाठ कोणाची आहे ते बघा सगळ्यांनी. सिमांग, उद्या शेपटाला ये. खांबाला दुसरी टांगायला विसरू नको."

मागे बायका खुसखुसल्या. किती वर्षं त्या खुसखुसण्याची वाट बघत होत्या. सिमांगने खुर्चीचा हात घट्ट धरला. मग उठली, सावकाश, आणि कप्तानाला म्हणाली, "कप्तान, गारिंगने तुझ्याकडे एकदा तक्रार केली होती. आठवतं?"

"कोंबड्याची?"

"काय म्हणाली होती?"

"कोणीतरी जनरलला चप्पल फेकून मारली. त्याच्या गालावर चपलेच्या नक्षीचा वळ होता. गल्लीतल्या प्रत्येकाची चप्पल तपासा म्हणाली होती."

"मग तपासा आता," सिमांग म्हणाली. "तीच ती. मी मारली."

गारिंगच्या हातातला माईक खरखरला.

"तू मारलीस," ती म्हणाली. "माझ्या घरी बसून त्याचा रस्सा प्यायलीस."

"आणि निबर आहे म्हणाले. तेही खरं होतं."

"पण गेली तर चिखलातच ना? शेवटी चिखलानेच घेतली."

"चिखल पायातली घेतो," सिमांग म्हणाली. "माझी हातातून सुटली. हातातल्या चपलेचा नियम मला दाखव कोणी. तुझ्या सासूने सांगितला असेल तर सांग, ती खोटं बोलायची नाही, खोटं चावून बोलायला तिला दातच नव्हते."

"बनाव आहे हा. पट्टा वाचवायला कोंबडा पुढे करतेय. हिने मारलीच कशावरून? चालताना रुतली हिची, आणि आता—"

"बरं," सिमांग म्हणाली. "मग जनरलला कोणी मारलं नाही. तुझी तक्रार खोटी. आपोआप फुटला त्याचा डोळा. असंच लिहून घे कप्तान, गारिंगच्या तोंडचं."

पहिली जागा गारिंगच्या इतकी जवळ आली होती की हात लावला असता तर लागली असती. फक्त जनरलला विसरायचं होतं. आणि एवढ्यात शेजारून हुंदका आला.

"मारलीच होती," पुलोंग म्हणाला. डोळे पुसत तो उभा राहिला. "सूर्यफुलाचा वळ होता गालावर. पाकळ्या दिसत होत्या. मी रात्रंदिवस त्याला मांडीवर घेऊन बसलो होतो, मला विचारा. चप्पल मारलीच होती माझ्या बाळाला."

"तू खाली बस," गारिंग दातओठ खात म्हणाली.

"नाही बसणार. दोन वर्षं कोणी माझं खरं मानलं नाही. ही एकटी मानते."

कप्तानाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. जेवण थंड होत होतं. त्याने पट्टा सिमांगच्या खांद्यावर घातला आणि टाळ्या वाजवा म्हणाला. बायकांनी वाजवल्या, मनाविरुद्ध वाजवतात तशा.

"निदान माफी तरी माग," गारिंग म्हणाली.

"कोणाची? जनरलला तर तूच वाट्यांत वाढलंस." सिमांग लिरियोकडे वळली. "ए पत्रवाल्या, शिडी आण. माझी चप्पल काढून दे."

"लोला, आजी, तो माशाचा डोळा आहे," लिरियो काकुळतीला आला. "तो काढला तर मासा आंधळा होईल. सगळी रचना त्याच्यावर आहे."

"माझ्या घरी हिची जोडीदारीण ट्रंकेत आहे. तिचं काय?"

"पण ही आता कला आहे."

"तू म्हणालास, पत्र आहे," सिमांग म्हणाली. "मग ज्याचं पत्र त्याला दे. दुसऱ्याची पत्रं उघड्यावर टांगायची कोणी शिकवलं तुला?"

लिरियोने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. डॉक्टरबाई आपल्या रंगीत गोलांकडे पाहत होत्या. मग तो शिडी आणायला गेला, आणि शिडी धरायला पुलोंग धावला.