पार्टिशनपलीकडची शिंक

विमा कंपनीच्या त्या अवाढव्य इमारतीत अक्का ग्राहकांचे बदललेले पत्ते संगणकात भरत. सगळा मजला प्लायवूडच्या पार्टिशनांनी कापलेला. एकदा आपल्या खुराड्यात शिरलं की माणसाचं तोंड दिसायची सोय नाही. पलीकडच्या बाजूचं दार तर दुसऱ्याच जिन्याला, त्यामुळे तिथे कोण बसतं हे अक्कांना ठाऊकच नव्हतं. तिथला माणूस बोलायचा कुजबुजत, पण शिंकायचा असा की पार्टिशन थरथरावं. अक्का दचकत, बोट भलत्याच बटणावर पडे आणि कुणाचा तरी पत्ता परगावी पोचे. बरं, एका शिंकेवर थांबेल तर शपथ! आडदांड, मिशाळ असा कुणी असणार, अक्कांनी ठरवूनच टाकलं होतं.

एकदा शिंकेसरशी चहा कीबोर्डवर सांडला आणि अक्कांचं डोकं फिरलं. त्यांनी तडक देखभाल विभागाला फोन लावला.

"अहो, शेजारच्या शिंकांनी जीव नकोसा केलाय. बंदोबस्त करा काहीतरी!"

"हो बाई. फार मोठ्या शिंका आहेत का?" फोनवरचा माणूस हळूच म्हणाला.

"मोठ्या? कानठळ्या बसतात!"

"बरं, बघतो. एक मिनिट हं…"

आणि शिंक आली. एका कानात फोनमधून, दुसऱ्या कानात पार्टिशनमधून.

अक्कांनी आधी फोनकडे पाहिलं, मग पार्टिशनकडे.

"म्हणजे तुम्हीच?" अक्कांनी विचारलं.

"मीच. धुळीचा त्रास आहे हो." मग चाचरत तो म्हणाला, "विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तुम्ही रोज दुपारी यजमानांशी फार भांडता."

"भांडते? अहो, त्यांना ऐकू कमी येतं! गोळी घेतली का, एवढंच विचारते."

"तेच. आम्हालाही घोर लागतो. काल घेतली का शेवटी?"

अक्कांना हसू आवरेना. फोन ठेवून त्या खुर्चीवर चढल्या. पार्टिशनच्या माथ्यावर त्यांनीच रचलेले जुने खोके धुळीने माखले होते. ते उतरवून ओलं फडकं फिरवताना त्यांनी पलीकडे डोकावलं. नाकाला रुमाल लावून एक काडीपैलवान वर बघत होता.

"अगंबाई, एवढ्याशा जिवातून एवढा आवाज!"

तो लाजून उभाच राहिला.

संध्याकाळी घरी अक्कांनी नवऱ्याला सगळी हकिगत खड्या आवाजात सांगितली. त्याने मन लावून ऐकली आणि तो काळजीने म्हणाला,

"शिंका येतायत? मग वाफ घे."