खिडकी मागायची राहिली

जहाज धक्क्यापासून सुटलं तेव्हा मी वरच्या डेकवर, स्विमिंग पूलच्या कडेला उभा राहून माझंच काम बघत होतो. मागे पांढरं कापड, त्यावर वरपासून खालपर्यंत झेंडूच्या लडी, मध्ये शेवंतीचं मोठं वर्तुळ आणि वर्तुळात नवरा-बायकोची नावं. याला आमच्या धंद्यात बॅकड्रॉप म्हणतात. ज्याच्यापुढे उभं राहून लोक फोटो काढतात, ते. काम देखणं झालं होतं. जहाज बंदराबाहेर वळलं, वेग घेतला, आणि कापड पोटासारखं फुगलं.

आधी मला वाटलं, एक झुळूक असेल. ती थांबेना. लडी चाबकासारख्या उडायला लागल्या. वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवलेली फ्रेम एका अंगाला उचलली गेली. मी धावत जाऊन पाइप धरला. तेवढ्यात जहाजाचा सेफ्टी ऑफिसर आला. रत्नागिरीकडचा माणूस, मराठीत बोलला.

"काका, तुम्ही जहाजाला शीड लावलंय. हे आत्ताच्या आत्ता उतरवा."

"अहो, साडेसहाला कार्यक्रम आहे!"

"साडेसहापर्यंत हे पूलमध्ये असेल. नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात."

मी आवाज चढवला. त्याने चढवला नाही. अशा माणसाशी भांडण जमत नाही. मी फ्रेम उतरवायला घेतली.

चूक कुठे झाली ते सांगतो. मोठ्या कामाआधी आम्ही जागा बघून येतो, त्याला रेकी म्हणतात. ती मी पंधरा दिवस आधी केली होती. डेक मोजला, कठडे बघितले, खिळे आणि मेणबत्त्या चालणार नाहीत हे लिहून घेतलं. पण तेव्हा जहाज धक्क्याला बांधलेलं होतं. उभ्या जहाजावर वारा नव्हता. मी नाशिकचा माणूस. आजवर सजवलेली एकही जागा माझ्या डोळ्यांदेखत चालायला लागली नव्हती.

आणि फ्रेम उतरवायला माझ्याजवळ माणसं नव्हती. याला कारण माझा व्यवहार.

आव्हाडसाहेबांचा सिन्नरच्या एमआयडीसीत पंपाचा कारखाना आहे. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी सगळे नातेवाईक घेऊन मुंबई-गोवा-मुंबई क्रूझ ठरवली आणि फुलांचं काम मला दिलं. भावावरून आमची भरपूर झटापट झाली. शेवटी ते म्हणाले, "दत्ता, यापुढं एक रुपया नाय. वर तू आन तुझी कामाची दोन पोरं, तिघांची जहाजावर फुकट सोय. आता गप बस."

मी गप बसलो नाही. पंचवटीत रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन हार विकत मी वर आलोय. समोरचा शेवटचं म्हणतो, तिथे माझी सुरुवात होते.

"साहेब, पोरं दुपारपर्यंत काम उरकून धक्क्यावर उतरतील. त्यांच्या दोन जागा मला द्या."

"काय करनार?"

"बायको आणि मुलगा."

आव्हाडसाहेब हसले. "लय बेणं हायस. जा, दिल्या."

त्या दिवशी मी घरी पेढे घेऊन गेलो होतो.

आमच्या धंद्यात सुट्टी नसते. गणपती, नवरात्र, दिवाळी, मग लग्नसराई. सार्थकला मे महिन्यात सुट्टी लागते आणि मे महिन्यात मी घरी दिसत नाही. तो दरवर्षी कळवणला मामाकडे जातो. आम्ही तिघं एकत्र कुठे गेलो असू तर लग्नांना, आणि तिथेही मी स्टेजच्या मागे असायचो. सार्थक आता सोळा वर्षांचा आहे. क्रूझचं सांगितलं तेव्हा त्याने हेडफोन काढला, ही मोठी गोष्ट, आणि विचारलं, "पप्पा, ही ट्रिप आहे की ऑर्डर?"

"जहाज सुटेपर्यंत ऑर्डर. सुटलं की ट्रिप."

"नक्की? नाहीतर मी मामाकडेच जातो. आणि परत कधी ट्रिपचं विचारणार पण नाही."

"नक्की. खोलीतून समुद्र बघत लोळायचं फक्त."

खोलीचं प्रकरण मात्र सकाळीच झालं होतं. केबिनचं दार उघडलं. छान बेड, छान दिवे, भिंतीवर मोठा पडदा. संगीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "ओढा बरं, समुद्र दिसतो का बघू." मी पडदा ओढला. मागे आरसा होता. आरशात मी.

मी रिसेप्शनला गेलो. तिथली मुलगी गोड बोलली. "सर, तुमची इनसाइड केबिन आहे. आतल्या बाजूची. तिला खिडकी नसते."

"मला केबिन सांगितली होती."

"हो सर. ही केबिनच आहे."

मी टेबलावर हात आपटला. कागद बघितले. जेवण, चहा, सामान ठेवायची जागा, फुलांसाठी थंड खोली, सगळं मी मागून घेतलं होतं, लिहून घेतलं होतं. खिडकी मागायची राहिली. खोलीला खिडकी असते, ती कोण मागतं? हा राग माझ्या मनात अजून आहे. सार्थक फक्त एवढंच म्हणाला, "तुम्ही समुद्र म्हणाला होतात," आणि तिथून निघून गेला.

तर आता मी डेकवर, मांडीवर फ्रेमचा पाइप, अंगावर झेंडू, आणि संगीता कापडाची घडी घालायला धडपडतेय. इव्हेंट मॅनेजर शहनाज मॅडम आल्या. वॉकीटॉकी हातात, चेहरा पांढरा.

"मिस्टर दत्ता, क्लायंटला मी काय सांगू?"

"सांगा, जहाज थांबवा."

त्यांना विनोद कळला नाही. माझाही तो विनोद नव्हता.

सार्थक तेव्हा जिन्यावरून खाली आला. गळ्यात हेडफोन. पडलेली फ्रेम बघितली, मला बघितलं. मला वाटलं आता म्हणेल, झाली सुरू ऑर्डर. तो म्हणाला, "पप्पा, वरती एक जागा आहे. वाऱ्याने काही होणार नाही अशी."

"कुठे?"

"सांगतो. पण एक अट आहे."

"सार्थक, ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे. तुम्हीच म्हणता ना, समोरचा अडलेला असला की बोलायचं."

संगीताने तोंड फिरवलं. ती हसत होती.

"बोल."

"हा कार्यक्रम झाला की तुमचा फोन माझ्याकडे. मुंबईत उतरेपर्यंत. आणि जहाजावर दुसरं काही काम नाही."

"उद्या सकाळपर्यंत देतो."

"उतरेपर्यंत."

"रात्री एकदा बघू दे."

"उतरेपर्यंत."

माझा धंद्यात एकच नियम आहे. हातावर हात मारला की फिरायचं नाही, मग तोटा होवो. फुलबाजारात माझी पत त्या एका गोष्टीवर आहे. मी हात पुढे केला. त्याने टाळी दिली.

त्याने दाखवलेली जागा म्हणजे जहाजाच्या सगळ्यात वरचं खेळाचं मैदान. पोरांना क्रिकेट, बास्केटबॉल खेळायला. चेंडू समुद्रात जाऊ नये म्हणून तिन्ही बाजूंना उंच लोखंडी खांब आणि त्यावर ताणून बसवलेली नेट. मी नेट धरून हलवली. जागची हलली नाही. वारा भणाणत होता आणि आरपार जात होता. मला एकदम सगळं काम दिसलं. कापड नको, फ्रेम नको. नेटच बॅकड्रॉप.

शहनाज मॅडम म्हणाल्या, "हे कोर्ट पॅसेंजर्सचं आहे."

"आव्हाडांचे सगळे पाहुणे पॅसेंजरच आहेत. एक खिळा नाही, चिकटपट्टी नाही. दोऱ्याने बांधतो, उद्या कापून देतो. नाहीतर साहेबांना तुम्हीच सांगा."

मॅडमनी सेफ्टी ऑफिसरकडे बघितलं. त्याने नेट ओढून बघितली, मान हलवली. "चालेल. फक्त काही उडालं नाही पाहिजे."

लड उभी सोडली तर उडणार. म्हणून ती आडवी घ्यायची, नेटच्या चौकोनातून टोपली विणतात तशी आत-बाहेर ओवायची आणि हातभर अंतरावर गाठ मारायची. शेवंतीच्या पाकळ्या वाऱ्यात गळतात, तिला बाद केलं. झेंडू दणकट असतो. पण ओवायला हात हवेत, आणि माझे दोन्ही कारागीर तोपर्यंत कसारा घाटाच्या दिशेने निघालेले.

संगीता कळवणला फुलांच्या मळ्यात वाढली. चपला काढून खाली बसली आणि म्हणाली, "दोरा इकडे द्या. तुम्ही नुसते ओरडू नका, लडी सोडवा."

मैदानात सात-आठ पोरं खेळत होती, सार्थकच्या वयाची. त्यांना बाहेर काढलं म्हणून ती चिडली होती. सार्थक त्यांच्याकडे गेला. काय बोलला माहीत नाही. परत आला तो सगळ्यांना घेऊन.

"काय सांगितलंस?"

"लवकर झालं तर कार्यक्रमानंतर कोर्ट परत त्यांचं. आणि केक."

"केक आव्हाडांचा आहे!"

"मोठा आहे पप्पा, मी बघितलाय."

मग जे सुरू झालं तसं काम मी कधी केलेलं नाही. एक मुलगी इंदूरची, दोन भाऊ सुरतचे, एक ठाण्याचा. कोणी लडीचं टोक धरून पळतंय, कोणी नेटच्या पलीकडून लड परत आत सारतंय. सुरतच्या धाकट्याने स्वतःलाच नेटला बांधून घेतलं, त्याला सोडवताना संगीता इतकी हसली की तिच्या हातातला दोरा सुटला. मी चुकीच्या गाठींवर ओरडत होतो. माझ्या कारागिरांवर ओरडलं की ते घाबरतात. ही पोरं माझी नक्कल करायला लागली. "अरे गाठ आहे का गंमत!" असं एकाने माझ्या आवाजात म्हटलं आणि सगळी खिदळली. सार्थक सगळ्यात मोठ्याने. थोड्या वेळाने मीही.

साडेसहाला आव्हाडसाहेब वर आले. सूर्य बरोबर नेटच्या मागे उतरत होता आणि झेंडूच्या ओळींमधून ऊन आत येत होतं. मागे सगळा समुद्र. कापड असतं तर यातलं काहीच दिसलं नसतं. आव्हाडवहिनी तिथेच थबकल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"दत्ता, लय भारी! पन खाली पूलवर ठरलं होतं ना रे?"

"खालचं साधं होतं साहेब. तुमच्यासाठी स्पेशल वर ठेवलं होतं."

संगीताने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

केक खरंच मोठा होता. पोरांना मिळाला. कार्यक्रम संपल्यावर मी खिशातून फोन काढून सार्थकच्या हातात दिला. तो वाजतच होता. सार्थकने बंद केला.

त्यानंतर पाच मिनिटांत शहनाज मॅडम आल्या. हसत होत्या, म्हणजे काम होतं.

"मिस्टर दत्ता, उद्या रात्री डायनिंग हॉलमध्ये आमचं गाला डिनर आहे. तुमची फुलं उरलीत. सकाळपासून लागलात तर हॉल सुंदर होईल. पैशाचं बोलू. आणि तुम्हाला केबिनचा प्रॉब्लेम होता ना? एक बाल्कनीची केबिन रिकामी आहे. आत्ता शिफ्ट करते."

बाल्कनी. खिडकी नव्हे, आख्खी बाल्कनी. सकाळपासून माझ्या डोक्यात ठसठसत होतं ते समोर आलं, वर पैसे. उरलेल्या फुलांवर असा सौदा आयुष्यात येत नाही. माझा हात आपोआप पुढे गेला होता.

सार्थकने बघितलं. म्हणाला, "घ्या पप्पा. बाल्कनी आहे. मी आणि मम्मी बसू तिथे."

तो टोमणा मारत नव्हता. तेच वाईट होतं. त्याने मला मोकळं केलं होतं, आणि कळवणच्या गाडीत बसतो तसा चेहरा केला होता.

मी हात मागे घेतला. "मॅडम, जमणार नाही. माझा दुसरीकडे व्यवहार झालाय."

"कोणाशी? जहाजावर?"

"या साहेबांशी," मी सार्थककडे बोट केलं. "फुलं थंड खोलीत आहेत, तुम्हाला दिली. लावून घ्या कोणाकडून तरी. बाल्कनी द्यायची तर अशीच द्या."

अशीच नाही दिली त्यांनी. ते मी लक्षात ठेवलंय.

सार्थकने खिशातला फोन पुन्हा चाचपून बघितला आणि म्हणाला, "चला, वर कोर्टवर. टीममध्ये एक कमी आहे." मी पहिल्याच चेंडूवर आउट झालो. मी नाही म्हटलं. भांडलो. सुरतचे दोघं, इंदूरची मुलगी, सगळे माझ्या विरुद्ध, आणि सार्थक अंपायर. "आउट म्हणजे आउट, पप्पा. इथे भाव होत नाही." झेंडूचे हार मागे तसेच होते. चेंडू त्यांच्यात जाऊन अडकत होता.

आता शेवटची गोष्ट. फुलबाजार पहाटे भरतो. टोपली घेऊन बसायचो तेव्हापासून मी अंधारात उठतो. गजर लागत नाही, उजाडण्याची चाहूल लागली की डोळे उघडतात, सणाला, आजारपणात, कधीही. दुसऱ्या दिवशी मला सार्थकने गदागदा हलवून उठवलं.

"पप्पा! गोवा आला! नाष्टा संपत आलाय!"

केबिनमध्ये मिट्ट काळोख होता. उजाडलेलं कळायला खिडकीच नव्हती. संगीता तयार होऊन बेडच्या काठावर बसली होती. म्हणाली, "मी उठवत नव्हते. लग्न झाल्यापासून तुम्हाला उजेडात झोपलेलं पहिल्यांदा बघितलं." मग थांबून म्हणाली, "म्हणजे उजेडात नाही. पण तेच."

मुंबईत उतरल्यावर सार्थकने फोन परत दिला. धंदा जागेवर होता. मी नसताना कारागिरांनी दोन छोट्या ऑर्डरी नीट उरकल्या होत्या, याचाही मला थोडा रागच आला.

या कामातून मी काय शिकलो, तर रेकी चालत्या जागेची करावी. आणि कागदावर खिडकी वेगळी लिहून घ्यावी.

यंदा सार्थकने परत क्रूझचं काढलं. या वेळी ऑर्डर नाही, पदरचे पैसे. आम्ही कॉलेज रोडला एका एजंटकडे गेलो. त्याने विचारलं, "केबिन कुठली देऊ? समुद्राकडची की आतली?"

मी खुर्चीत सरसावून बसलो. वर्षभराचा हिशेब चुकता करायचा होता. तोंड उघडणार, तेवढ्यात मागून सार्थक म्हणाला, "आतली. पप्पांना झोप लागते."

संगीता म्हणाली, "आतलीच द्या."

दोन विरुद्ध एक. मी मान्य केलं. पण दर ऐकल्यावर मी एजंटला स्पष्ट सांगितलं, "खिडकी नाही म्हणता ना? मग आधी तिचे पैसे कमी करा."