जळबाचा हात परत आला

साखऱ्याचा जळबा विहिरी बांधणारा गवंडी. आसपासच्या गावांत कुठंही विहिरीला पाणी लागलं, की दगडी बांधकामाला त्यालाच बोलावणं यायचं. पंच्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याजवळच्या एका विहिरीतून वर येताना त्याचा पाय निसटला. पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं.

गावातल्या हाड बसवणाऱ्यानं कामट्या बांधल्या, पण आठ दिवसांत हात वाकडा दिसायला लागला. शेवटी बायको चांगुणा त्याला एसटीनं नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. एक्स-रेचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, "हाड सरकलंय. ऑपरेशन करून तारा घालाव्या लागतील."

जळबाला ऑपरेशनचं एवढं भय नव्हतं, जेवढं नंतरच्या दुखण्याचं. त्याचा सोबती कोंडीबा पायाच्या ऑपरेशननंतर दोन दिवस खाटेची दांडी धरून ओरडला होता. ते जळबानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टर सुनीतीबाई आल्या.

"बाई, मला झोपवू नका," जळबा म्हणाला. "उठल्यावरच सारी तकलीफ सुरू व्हते."

"तुम्हाला नाही, फक्त हाताला झोपवू. काखेत इंजेक्शन देते. औषध बराच वेळ टिकणारं आहे, संध्याकाळपर्यंत कळ यायची नाही."

सुई गेली तशी बोटांपर्यंत झिणझिणी धावली. मग हात जड झाला आणि थोड्या वेळानं जणू खांद्यापासून नाहीसाच झाला. ऑपरेशनच्या टेबलावर, मध्ये धरलेल्या पडद्यापलीकडं बारीक करकर चालली होती. जळबाला वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या दगडावर छिन्नी चालून राहिली.

वॉर्डात आणल्यावर त्यानं डाव्या हातानं उजवा उचलून पाहिला. तो निसटला आणि प्लास्टर नाकावर आदळलं. त्यानं बोटं दाबली, चिमटा काढला. काहीच कळेना. त्याचा चेहरा उतरला.

"चांगुणे, हात मेला माझा! बाईला बलाव."

सुनीतीबाईंनी त्याच्या अंगठ्याचं नख दाबलं. ते पांढरं पडून पुन्हा गुलाबी झालं.

"बघा, रक्त चालू आहे. फक्त नसा झोपल्यात. हात उशीवर उंच ठेवा. आणि बोटांना मुंग्या आल्या की लगेच नर्सला सांगा, गोळी घ्यायची आहे."

"दुखलंच न्हाई, तर गोळी काहून?"

"कळ एकदा चढली की उतरवायला जड जातं. ती यायच्या आधी औषध पोटात पाहिजे."

दुपारभर जळबा त्या गुलाबी नखाकडं बघत पडून राहिला. ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा करंगळीत मुंगी चालल्यासारखं झालं. त्यानं नर्सला हाक मारली, गोळी घेतली आणि दात आवळून कोंडीबासारख्या ओरडण्याची वाट बघत बसला. मनगट ठणकायला लागलं, पण बोलता-बसता येईल इतकंच. ओरडायची वेळ काही आली नाही.

"दुखतंय का हो?" चांगुणानं विचारलं.

"दुखून राहिलं. पण सोसण्याजोगं हाय." त्यानं अंगठा हलवला, मग एकेक बोट. "बघ, समदे हलले!"

चांगुणानं डोळ्याला पदर लावला. सकाळपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तिनं भाकरीचं फडकं सोडलं, आणि दोघं एकाच खाटेवर बसून पोटभर जेवली.

पुढं सहा आठवड्यांनी तारा निघाल्या. मनगट थोडं आखडलेलंच राहिलं, पण पोळ्याच्या आत जळबा पुन्हा कामावर गेला.