मांडवाखालची चूल

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, तरच सांगतो. आणि सगळं ऐकून झाल्यावर 'टेलरभाऊ, चूक तुमचीच' असंही म्हणायचं नाही. ते आमचं अख्खं गाव म्हणून बसलंय. मी तेव्हाही मानलं नव्हतं, आजही मानत नाही!

ऐंशी सालानंतरची गोष्ट. सिंदेवाहीपासून आत, जंगलाला लागून आमचं गाव, आणि गावात टेलर मी एकटा. घर म्हणजे पुढे सपरी, म्हणजे ओसरी, तिथे माझी मशीन, आणि मागे एक मोठी खोली. त्या खोलीत काय काय होतं म्हणता? एका कोपऱ्यात चूल. चुलीशेजारी गिऱ्हाइकांचे कपडे. खाटेच्या उशाशी धान साठवायची ढोली आणि खाटेखाली जळतन, म्हणजे तुमचं सरपण. धुराला बाहेर जायला वाट एकच, आमच्या नाकातून! गावातल्या प्रत्येक नवरीच्या ब्लाउजला धुराचा वास यायचा. लोकांना वाटायचं, बिचारी स्वतःच्या लग्नाचा स्वयंपाक आटोपूनच उभी राहिली.

माझी बायको कुसुम. तिचे डोळे बाराही महिने लाल. ती किती दिवसांपासून म्हणत होती, "अवो, अंगनात एक छपरी काढा. चूल बाहेर न्या, जळतन बाहेर न्या."

मी म्हणायचो, "हाव, एवढा लगनाचा सीझन सरू दे."

आता मला सांगा, टेलरचा लग्नाचा सीझन कधी सरतो का?

मग एका सकाळी कुसुमने खाटेखालचं लाकूड ओढलं, आणि लाकडासोबत विंचू बाहेर आला. ती ओरडली नाही. तिने विंचू मारला, चूल विझवली, पिशवी भरली आणि शांतपणे म्हणाली, "मी पोंभुर्ण्याले माहेरी चालली. अंगनात सयपाकाची छपरी झाली तं येईन. नाई झाली तं तुमी नि तुमचे इंचू, राहा सुखानं."

मला वाटलं, वाटेतल्या मूल गावापर्यंत जाऊन परत येईल. कसची येते!

खरं सांगतो, दुसऱ्या दिवसापासून घर खायला उठलं. भात करपायला लागला, वरणात मीठ कधी नाही तर कधी डबल. पण हे सगळं मी कोणाला कशाला सांगू? तरी शेजारी डोमाजीने गाठलंच. डोमाजी म्हणजे आमच्या गावचा रेडिओ, फक्त त्याला सेल लागत नाहीत. चार लोकांत मोठ्याने म्हणतो कसा, "का जी टेलर, वयनी गेल्या. आता तुमाले कोन पुसते?"

सगळे हसले. माझं डोकंच फिरलं. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. मी म्हणालो, "मले कोन पुसते? अखजी होऊ द्या, मंग पाहाच माह्या अंगनात काय होते तं!"

"काय होते जी?"

"झाल्यावर दिसंल! आताच सांगत नाई!"

आणि नाहीच सांगितलं. गावाला काय करायच्या आमच्या चुलीच्या चौकशा?

कामाला लागलो. लोक म्हणतील टेलर काय बांधणार, पण बांधकाम आणि शिवण यांत फरक काय आहे? आधी माप, मग कापणं, मग जोडणं! मी टेप घेऊन अंगणात उतरलो. कुसुमचं माप मला पाठ. ओटा किती उंच म्हणजे तिची कंबर दुखणार नाही, डब्यांची फळी कुठे म्हणजे तिला टाच उचलावी लागणार नाही, सगळं तिच्या मापाने काढलं. सरपणासाठी बांबूचा माच केला, चांगला जमिनीपासून वर, खालून झाडू फिरला पाहिजे आणि विंचवाला लपायला जागा मिळाली नाही पाहिजे. ढोलीला वेगळा कोपरा. खांब उभे केले, वर आडवे बांबू टाकले. सुंदर!

आता राहिले कवेलू, म्हणजे कौलं. कुंभार म्हणाला, "भट्टी लागल्याबिगर कुठून देऊ जी?" इकडे वैशाखाचं ऊन असं, की ओट्याची ओली माती सारवता सारवता तडकायला लागली. सावली तर पाहिजे ना? म्हणून मी तात्पुरत्या चार जांभळीच्या डहाळ्या तोडून वर टाकल्या. हिरव्यागार, थंडगार.

हां, इथेच तुम्ही हसायला लागलात. म्हणूनच आधी कबूल करून घेतलं होतं.

जे हसले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या झाडीपट्टीत वैशाखात कोणाच्या अंगणात खांब उभे राहिले आणि त्यांच्यावर जांभळीच्या हिरव्या डहाळ्या पडल्या, की त्याचा अर्थ एकच. मांडव! त्या घरी लग्न! पत्रिका नंतर येते, मांडव आधी सांगतो. हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण मी म्हटलं, आपल्या घरी कोणाचं लग्न असणार? मुलगी नाही, भाऊ नाही. घरात आहोत कोण, तर एकटा मी.

तेच! घरात एकटा मी, आणि बायको माहेरी. माझ्या डोक्यात जे आलं नाही ते गावाच्या डोक्यात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तर समोरच्या पार्बताबाई डोक्यावर जांभळीचा भारा घेऊन उभ्या. म्हाताऱ्या बाई, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांच्या मागे आणखी चार जण, प्रत्येकाच्या खांद्यावर डहाळ्या. आमच्याकडे मांडवाला घरटी डहाळी द्यायची रीत आहे. त्या घराशी पटो न पटो, डहाळी चुकवायची नाही. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, गाव सुधारलं! न बोलावता मदतीला आलं! मी एकेकाच्या हातातून डहाळ्या घेतल्या आणि चांगला जाड थर रचला.

पार्बताबाई मात्र जागच्या हलेनात. हळूच म्हणाल्या, "टेलरभाऊ, कुसुमले मालूम हाय का?"

"नाई बाई! अन् तुमीबी सांगू नका. आल्यावर एकदम पाहू द्या तिले!"

बाईंनी पदर तोंडाला लावला आणि गेल्या. मी म्हटलं, वयपरत्वे माणूस हळवं होतं.

त्याच दिवशी मी मशीनवर लाल कापड घेतलं. कुसुमसाठी ब्लाउज. ती छपरी पाहील, मग मी हातात ब्लाउज ठेवीन, असा बेत. डोमाजी सपरीत येऊन बसला.

"हे कोनाचं जी?"

"घरचंच."

"माप द्यायले कोनी आलेलं तं दिसलं नाई."

"मापाले यायची गरज काय? तोंडपाठ हाय मले!"

डोमाजीने विडी पेटवली होती, ती उलट्या बाजूने तोंडात घातली. मला वाटलं, माझ्या कारागिरीवर चकित झाला! मग त्याने सहज सांगितलं, की त्याला एका लग्नाला पोंभुर्ण्याकडे जायचंय. मी म्हटलं, "जा, आरामात जा."

गेला. आणि वाटेत कुठेही न थांबता थेट माझ्या सासऱ्याच्या दारात थांबला असणार.

मग पाच-सहा दिवसांनी एका दुपारी मी छपरीत बसून चुलीला शेवटचा हात फिरवत होतो. लाकडं माचावर रचून झाली होती. तेवढ्यात रस्त्यावर गलका झाला. मान वर केली तर पुढे कुसुम! तिच्या मागे तिचा मोठा भाऊ नामदेव, हातात तेल पाजलेली काठी. त्याच्या मागे डोमाजी, पार्बताबाई आणि उरलेलं अर्धं गाव. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! आली! छपरी झाली आणि आली! मी मातीच्या हातांनीच उठलो.

"कुठी हाय थे?" कुसुमने पिशवी अंगणातच टाकली.

"कोन?"

"नवरी! जिच्यासाठी मांडो टाकला थे!"

मी कुसुमकडे पाहिलं. वर डहाळ्यांकडे पाहिलं. डोमाजीकडे पाहिलं. डोमाजी आभाळाकडे पाहत होता. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसरा कोणी असता तर हसला असता. मी भडकलो! "अरे, माह्या अंगनात माह्यी छपरी! एकानं तरी मले इचारलं काऊन नाई?"

डोमाजी म्हणाला, "इचारासारखी गोष्ट होती का थे?"

नामदेवने काठी आपटली. "जवाई, बहाने नका सांगू. जांभळीचा मांडो हाय, लाल ब्लाउज शिवून राह्यले, नि कुसुमले सांगू नका म्हन्ता!"

"कुसुम, तू अंदर ये," मी म्हणालो. "बाकीचे गेले उडत. तू पाहा."

ती आत आली. तिने ओट्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. माचाखाली वाकून पाहिलं, बहुतेक विंचू शोधला. मग सवयीने तिने हात वर केला आणि तो थेट फळीवर पडला. टाच उचलावी लागली नाही. ती तशीच उभी राहिली, फळीवर हात ठेवून.

"माह्या मापानं केली?"

"मंग कोनाच्या?"

तिचे डोळे पुन्हा लाल झाले, आणि धूर तर कुठेच नव्हता. मला भरून आलं. खोटं कशाला बोलू, लग्नातही आलं नव्हतं एवढं भरून आलं. मी आतून ब्लाउज आणून दिला. नामदेवने काठी खांबाला टेकवली. पार्बताबाईंनी डोळे पुसले. मी जिंकलो होतो हो! इथे तोंड बंद ठेवलं असतं तर हा किस्सा सांगायची वेळच आली नसती.

पण डोमाजी! मागून म्हणतो, "सगळं बराबर हाय टेलर. पन मांडोखाली चूल कोन घालते जी? म्हून तं आमाले सयपाकाची छपरी वाटली नाई!"

अख्खा जमाव हसला. नामदेवसुद्धा! माझा साळा, माझ्या अंगणात, माझ्यावर हसतो?

कुसुम म्हणाली, "जाऊ द्या नं. कवेलू आल्यावर पेटवू."

"कवेलू कायले? आताच पेटवतो! साऱ्या गावाले चहा पाजतो, मंग समजंल चूल कोन घालते थे!"

"अवो, पानं वाळली हायेत..."

"तू थांब!"

सागाच्या वाळक्या काड्या घातल्या, काडी ओढली. चूल काय पेटली! अशी चूल गावात कोणी घातली नव्हती. मी अभिमानाने मागे वळून डोमाजीला म्हणालो, "पाहा!"

सगळे पाहतच होते. पण चुलीकडे नाही, वर. वैशाखाच्या उन्हात त्या डहाळ्यांचा पार पापड झाला होता. वाऱ्याची एक झुळूक आली, चुलीतून जाळ उठला आणि माझी छपरी डोक्यावरून भर्रकन पेटली.

मग काय पळापळ! नामदेवने त्याच काठीने जळत्या डहाळ्या खाली ओढल्या. डोमाजी विहिरीवरून घागरी आणत होता, त्यातल्या अर्ध्या आगीवर आणि अर्ध्या माझ्यावर. माझं घर राहिलं, ओटा राहिला, माच आणि फळी राहिली. छप्पर तेवढं गेलं.

मी अंगणाच्या मधोमध उभा, ओलाचिंब, भुवया जळालेल्या, तोंड काळं. म्हणून काय गप्प बसू? मी ओरडलो, "चूक तुमची हाय! मी चारच डहाळ्या टाकल्या होत्या! एवढा थर कोनी आनून टाकला? तुमीच!"

कुसुमने आपली पिशवी उचलून घरात नेऊन ठेवली. बाहेर आली, पदर खोचला आणि राख झाडायला लागली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "अवो, खरंच दुसरी आनाच तुमी. तुमाले सांभाळनं एकटीच्यानं होत नाई."