सायकलचं सोवळं

आमची सायकल रोज संध्याकाळी आंघोळ करायची. मी फक्त पाय धुवायचो.

तेव्हा आई आणि मी मानपाड्याला एका खोलीत राहायचो. सायकल बाहेर ठेवली तर तिची घंटीसुद्धा सकाळपर्यंत टिकली नसती, म्हणून ती घरात. पण त्याच खोलीत देवही होते. गावभर कशाकशातून फिरून आलेलं ते धूड देवांसमोर तसंच उभं करायचं? आईने तोडगा काढला. मी कामावरून आलो की ओट्यावरच सायकलवर दोन बादल्या पाणी ओतायची; चाकांच्या मधोमध जरा जास्तच, कारण चिखल तिथे बसतो. मी तिला खूप चिडवायचो. पण सायकल अशी चकाकायची की स्टेशनवर लोक 'नवी घेतली का?' म्हणून विचारत, त्यामुळे आईला थांबवलं मात्र कधी नाही.

अडचण एवढीच, की दर तीन-चार महिन्यांनी मागचं चाक करकरायला लागे, मग डुगडुगे आणि शेवटी भर रस्त्यात जाम होई. मी सायकलने स्टेशन गाठून लोकलने ठाण्याच्या कारखान्यात जायचो आणि तिथे अजून टेम्पररी होतो. दोनदा गाडी चुकल्यावर हेडक्लार्कने बजावलं, "आता उशीर झाला तर घरीच बसा."

चाकाच्या मधोमध असतो तो हब तिसऱ्यांदा बदलायला गेलो तेव्हा आई बरोबर आली. सायकलचा मिस्त्री तिच्या भोळ्या लेकाच्या गळ्यात जुना माल मारतो, याची तिला खात्रीच होती. तिने त्याला चार माणसांत झाडला. त्याने निमूटपणे ऐकून घेतलं आणि हब खोलला. आतून तांबडं पाणी आलं. झिजून खडबडीत झालेले बेअरिंगचे छर्रे त्याने तिच्या तळहातावर ठेवले.

"मावशी, ग्रीस पार धुऊन गेलंय बघा. हा सायकल विहिरीत बुडवतो की काय?"

मी आईकडे पाहिलं. आईने छपराकडे पाहिलं. मी कसला सोडतोय! तुझ्या सोवळ्यापायी माझी नोकरी गेली असती, हे मी तिला वाटेत तीनदा ऐकवलं.

त्या दिवसापासून आई सायकल कोरड्या फडक्याने पुसून आत घेऊ लागली. आठ-दहा दिवस मी लढाई जिंकल्याच्या थाटात वावरलो. मग एका संध्याकाळी सायकल तिच्या हवाली करून नेहमीसारखा पारावर गप्पा मारायला निघालो आणि चष्मा विसरला म्हणून परत फिरलो. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. थंडीचे दिवस. आई बाहेर आली ती कुडकुडतच. न धुतलेल्या सायकलला हात लागला, मग आंघोळ केल्याशिवाय देवापुढे दिवा कसा लावणार?

"अगं, रोज करतेस हे? थंड पाण्याने?"

"तुझी नोकरी टिकू दे," ती केस पुसत म्हणाली. "मला काही गंज चढत नाही."

मला माझी फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ती बाहेर यायच्या आत मीच फडकं घेऊन सायकल पुसायला ओट्यावर बसलो.