इसरूने धरलेला दम

मार्कंड्याच्या देवळाखाली वैनगंगेच्या डोहावर मासे धरण्यात इसरू ढिवराचं आयुष्य गेलं. डोंगा डोहात लोटून तो पाण्याकडे बघत बसे. बुडबुडे उठले की खाली मरळ आहे, हे त्याला बापाने शिकवलं होतं; आणि बुडबुडे दिसले की दम धरायचा, हेही. पाण्याला आपली चाहूल लागली की मासळी जाते. या माणसाचा अर्धा जन्म दम धरण्यातच गेला, अशी त्याची बायको रुखमाबाई थट्टा करी.

यंदा उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले. तपासणीत कळलं, दोन्ही किडन्या थकल्यात आणि उजवीवर एक गोळा आहे. साध्या सोनोग्राफीत तो गढूळ दिसे. पाण्याची गाठ की कॅन्सर, ते ठरेना. कॅन्सर निघाला तर ती किडनी काढावी लागणार आणि उरलेली एकटी तग धरणार नाही. मग डायलिसिससाठी शहर धरायचं, म्हणजे नदी सोडायची. सीटी स्कॅनचं औषध तर त्या किडन्यांना झेपणारं नव्हतं.

चंद्रपूरच्या डॉक्टर ज्योत्स्ना मॅडमनी दुसरी वाट सांगितली. हाताच्या शिरेतून रक्तात बारीक बुडबुडे सोडायचे. रक्त जाईल तिथे ते जातात आणि सोनोग्राफीत चमकतात. गोळ्यात चमकले तर काळजी, तिथे अंधारच राहिला तर नुसती गाठ. किडनीवर भार नाही. थोड्या वेळात बुडबुडे फुटतात आणि त्यांतली हवा श्वासावाटे निघून जाते.

इसरूच्या मनात हे शेवटचं तेवढं राहिलं.

सुई टोचली. काळ्या पडद्यावर एक ठिपका चमकला, मग थवेच्या थवे. मॅडमनी हळू श्वास घ्यायला सांगितलं, पण इसरू हलेना. उशाशी बसलेल्या रुखमाबाईला त्याच्या मानेची फुगलेली शीर दिसली.

"काऊन दम धरून राह्यले? हा का डोह हाय?"

इसरूची नजर पडद्यावरच होती. "दम सोडला तं निघून जातीन ना ते. मॅडमले पाहू तं दे."

मॅडम हसल्या. "इसरूभाऊ, भरपूर आहेत. तुम्ही श्वास घ्या, मी बघते."

त्याने श्वास घेतला, पण अगदी काटकसरीने. मॅडमनी यंत्र उजव्या कुशीवर टेकवून धरलं. किडनी पांढरी उजळली होती आणि तिच्या कडेला तो गोळा काळाच्या काळा. इसरू तिथेच बघत राहिला. जिथे बुडबुडा नाही तिथे काही नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. अशा जागांनी त्याला जन्मभर रिकाम्या हाताने घरी धाडलं होतं.

"तिथी काईच नाई?" त्याने विचारलं.

"काहीच नाही. रक्त जातच नाही तिथे. पाण्याची गाठ आहे, काढायची नाही. औषधं आणि पथ्य मात्र सोडायचं नाही."

तेव्हा कुठे इसरूने दम सोडला, अख्खा.

रुखमाबाईने पदराने त्याचं कपाळ पुसलं, मग स्वतःचे डोळे. "रिकामा डोह पाहून खुश होनारा ढिवर," ती म्हणाली, "म्या आजच पाह्यला."