जयूचा दारं-खिडक्यांचा तक्ता

फ्रीगंजमधल्या शैलेंद्रच्या ऑफिसात जयू पुराणिक चोपन्नाव्या वर्षी कामाला लागली, तीही महिनाभराच्या बोलीवर. शैलेंद्र आर्किटेक्ट, वयानं तिच्या मुलासारखा. "काकू, जमलं तर पुढचं बघू," म्हणाला. लग्नाआधी जयू हातानं नकाशे काढायची. मग संसार, मुलं, सासऱ्यांचं आजारपण यांत ते सगळं मागे पडलं. आता हात पुन्हा शिवशिवत होते आणि ही नोकरी तिला काहीही करून टिकवायची होती.

पहिलं स्वतंत्र काम आलं नानाखेड्याच्या एका घराचं. नकाशाच्या कोपऱ्यात दारं-खिडक्यांच्या मापांचा तक्ता टाकायचा होता. ऑफिसातलं सॉफ्टवेअर स्वस्तातलं, त्यात तक्ता आपोआप बनत नसे. जयूनं सगळा मजकूर सलग टाइप केला आणि स्पेसबार दाबदाबून रकाने सरळ केले. पडद्यावर तक्ता असा देखणा दिसला, की बाईसाहेबांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

देवास गेटच्या दुकानात प्रिंट काढायला दिली, तर तिथल्या कॉम्प्युटरवर तिनं वापरलेला अक्षरांचा फाँटच नव्हता. भलताच फाँट आला, अक्षरं फुगली आणि आकडे सरकून रुंदीच्या रकान्यात उंची जाऊन बसली. दुकानदारानं कागद गुंडाळून तसाच साइटवर धाडला. संध्याकाळी बाबूलाल सुताराचा फोन.

"मैडम, बाथरूम का दरवाज़ा सात फुट चौड़ा? अंदर बारात जाएगी क्या?"

लाकूड अजून कापलं नव्हतं म्हणून निभावलं. शैलेंद्र रागावला असता तर बरं, पण तो गोड बोलला.

"राहू द्या काकू, तक्ता मी करून टाकतो. तुम्ही टेंशन नका घेऊ."

आज तक्ता हातून गेला, तर महिनाअखेर खुर्चीही जाणार हे जयूला स्वच्छ दिसलं.

"नाही हं! मी बिघडवलाय न, मीच बराबर करीन."

मग तिला आपली जुनी रीत आठवली. कागदावर ती आधी रेघा आखायची, अक्षरं नंतर. तिनं पडद्यावर एक आडवी रेघ ओढली, सारख्या अंतरावर तिच्या प्रती काढल्या, मग उभ्या रेघा टाकून चौकोनी घरं पाडली. पहिल्या घरात एक शब्द अगदी मधोमध बसवला, तोच प्रत्येक घरात कॉपी केला आणि नंतर एकेक बदलत गेली. आता प्रत्येक आकडा आपापल्या घरात, शेजाऱ्याशी देणंघेणं नाही. मुद्दाम फाँट बदलून बघितला. अक्षरं जाडजूड झाली, पण जागचं कोणी हललं नाही. जयू खुर्चीतच टाळी वाजवून हसली.

या खेपेला दुकानात ती स्वतः गेली आणि आकडा न् आकडा बोट ठेवून तपासला. सुताराचा फोन काही आला नाही.

दारं बसवायच्या दिवशी जयू आणि शैलेंद्र दोघं साइटवर गेली. बाबूलालनं शेवटचं, बाथरूमचं दार चौकटीत लावलं, ढकललं, ते अलगद मिटलं. "मैडम, एकदम फिट!"

"काकू, महिन्याचं ते विसरून जा," शैलेंद्र म्हणाला. "पुढच्या दोन्ही साइट तुमच्याच."

"बघते हं," जयू मोठ्या तोऱ्यात म्हणाली. मग बाथरूममध्ये शिरली, दार लावलं, कडी घातली आणि आतून आनंदानं अशी काही ओरडली, की हत्यारं आवरणाऱ्या बाबूलालच्या हातातला रंधा तसाच थांबला.